लिहिणाऱ्या बाईचं खातं

ब्लॉगमधून पैसे मिळतात, पण ज्या दाराकडे आपण डोळे लावून बसलेलो असतो त्या दाराने ते सहसा येत नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण हल्ली माझ्याकडे विचारायला येणाऱ्या बऱ्याच जणी ‘घरबसल्या महिना पन्नास हजार’ अशी कुठली तरी जाहिरात बघून आलेल्या असतात. अमुक इतकी फी भरा, शनिवार-रविवारचा कोर्स करा, की मग पैसा तुम्ही झोपलात तरी येत राहतो म्हणे. असले कोर्स विकणाऱ्याचा पैसा मात्र खरोखरच झोपेत येत असावा.

जाहिरातींचं गणित सरळ आहे. गूगलची ॲडसेन्स नावाची सोय आहे. आपल्या लेखाच्या आजूबाजूला ते जाहिराती लावतात आणि मिळकतीतला वाटा आपल्याला देतात. खात्यात दहा डॉलर जमले की आपला पत्ता खरा आहे का हे तपासायला ते टपालाने एक पिन पाठवतात. शंभर डॉलर जमल्याशिवाय बँकेत काही येत नाही. मराठीत लिहिणारी, त्यातही डिचोलीत बसून गोव्यातल्या झाडापाल्यावर आणि रांधपावर लिहिणारी बाई शंभर डॉलरपर्यंत कधी पोचणार याचा हिशेब आमच्या घरात चहाच्या वेळी विनोदासाठी केला जायचा. त्या पिनचं परदेशी पाकीट आलं तेव्हा आमच्या पोस्टमनने ते उलटसुलट करून बघितलं आणि शेजारची मंडळी आठवडाभर समजून होती की आमचेही पोर्तुगालच्या नागरिकत्वाचे कागद चालू झाले. गोव्यात बाहेरून टपाल आलं की दुसरा संशय कुणी घेतच नाही.

सासूबाईंचा प्रश्न त्याच काळातला. आम्ही घरात बोलतो कोंकणी, पेपर वाचतो मराठी. “तें बरोवन तुका कितें मेळटा गे?” म्हणजे ते लिहून तुला काय मिळतं गं? त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. गोवा सरकारची गृहआधार योजना २०१२पासून आहे. तिच्यात पात्र गृहिणीला महिन्याला पंधराशे रुपये मिळतात, आणि माझी जाहिरातींची वर्षाची कमाई त्यातल्या एका महिन्याच्या हप्त्याशीही बरोबरी करत नव्हती.

पैसे आले ते माटोळीमुळे.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. चतुर्थीला गणपतीच्या वर छताला एक लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, शेंगा, वेली, कंद बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, केळीचा घड, तवशी, चिबूड, तोरिंग, आंबाडे, फागलां, कांगलां, माट्टी, घागऱ्यो, शेरवडाची पांढरी पानं, असं पुष्कळ काही. कला आणि संस्कृती संचालनालय दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेतं, तिथे तर शेकड्यांनी प्रकार बघायला मिळतात. चतुर्थीच्या आदल्या दोन-तीन दिवसांत डिचोलीच्या, साखळीच्या, म्हापशाच्या बाजारात सत्तरी तालुक्यातल्या बायका हा माल घेऊन बसतात. मिळेल त्या जागी गोणपाट पसरलेलं, त्यावर वाटे लावलेले, वर पावसाची झिमझिम, आणि गिऱ्हाईक घाईत. आपण बोट दाखवतो, त्या वाटा पिशवीत टाकतात, नाव कुणी विचारत नाही.

मी विचारायला लागले. हे काय, हे कुठे होतं, कुठल्या महिन्यात धरतं, माटोळीशिवाय आणखी कशाला वापरता? विकणारीला वेळ नसतो. म्हणून दुपारी, गर्दी ओसरल्यावर, चहा घेऊन जायचं आणि तिच्या शेजारी बसून विचारायचं. एकाच फळाला सत्तरीत एक नाव, काणकोणात दुसरं, तर दोन्ही लिहायची आणि कोण कुठली बाई काय म्हणाली तेही लिहून ठेवायचं. नंतर आमच्या भागातल्या वनस्पतीशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकांकडे पिशवी घेऊन जायचं. त्यांनी “बघून सांगतो” म्हटलं की ते नाव तेवढ्यापुरतं लेखातून बाहेर. फोटो माटोळी बांधायच्या आधीच, सकाळी खिडकीपाशी, पांढऱ्या पंच्यावर फळ ठेवून आणि शेजारी मापासाठी एक सुपारी. एकदा का वस्तू वर टांगली गेली की ट्यूबलाइटखाली सगळं एकाच तपकिरी रंगाचं दिसतं. घागऱ्योच्या शेंगा वाळल्या की खुळखुळतात, ते फोटोत कसं दाखवणार? शेंग उकलून आतल्या सुट्या बिया दाखवायच्या, हे सुचायला मला एक अख्खी चतुर्थी जावी लागली.

त्या लेखांना कुणी पुरस्कार दिला नाही. पण बार्देशातल्या एका कुटुंबाने आपल्या जुन्या घराचं होमस्टे केलं होतं आणि त्यांना परसातल्या झाडांच्या पाट्यांसाठी मजकूर हवा होता. इंटरनेटवर शोधता शोधता ते माझ्यापर्यंत आले. प्रत्येक झाडाला चार ओळी, नाव पक्कं, उपयोग खरा, फोटो जोडून. त्याचे मिळालेले पैसे जाहिरातींच्या कित्येक वर्षांच्या कमाईपेक्षा जास्त होते. मग त्यांच्या ओळखीतून पाहुण्यांसाठीची छोटी पुस्तिका, मग एका प्रकाशकाकडून मुद्रितं तपासायचं काम, मग भाषांतर. यातलं एकही काम ब्लॉगच्या पानावर मिळालेलं नाही, आणि ब्लॉग नसता तर एकही मिळालं नसतं.

माहिती विचारून घेणं, ती दोन ठिकाणी पडताळणं, वेळेत लिहिणं, फोटो काढून त्याखाली नेमकी ओळ टाकणं, या गोष्टींचे वर्तमानपत्रात आणि प्रकाशनसंस्थेत लोकांना पगार मिळतात. घरातली बाई हेच करते तेव्हा त्याला छंद म्हणतात. मला छंद या शब्दाचा राग नाही. पण छंदाचं बिल करता येत नाही.

गोव्यात शिकलेल्या बायकांची वाण नाही. २०११च्या जनगणनेत इथल्या स्त्रियांचं साक्षरतेचं प्रमाण ८४ टक्क्यांच्या वर होतं. माझ्या आईची पिढी मुक्तीनंतर गावोगाव निघालेल्या मराठी प्राथमिक शाळांत शिकली. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सरकारने त्या शाळा डोंगराआडच्या वाड्यांपर्यंत नेल्या, आणि आज पन्नाशी-साठीतल्या कितीतरी गोवेकर बायकांची अक्षरओळख तिथलीच आहे. तिच्या आधीची आजीची पिढी वेगळी. पोर्तुगीज अमलात, हुकूमशहा सालाझारच्या काळात, छापखान्यावर इतका पहारा होता की लग्नाची पत्रिकासुद्धा सेन्सॉरला दाखवून छापावी लागे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६२ साली ‘गोमन्तक’ दैनिक सुरू झालं. पुण्या-मुंबईकडे ‘स्त्री’ मासिक १९३० पासून निघत होतं, आमच्याकडे बहुतेक बायकांच्या नावाला छापील जागा मिळायला बरीच वर्षं थांबावं लागलं. आणि मिळाली तीही बहुतेक रविवारच्या पुरवणीत, पाककृतीच्या चौकटीत, संपादकाला जागा उरली तर. मी हे तक्रारीने म्हणत नाही, त्या चौकटींनी पुष्कळ जणींना लिहितं केलं. तरी लेख पाठवून तो कधी येईल, येईल की नाही, याची वाट बघणं आणि रात्री मुलं झोपल्यावर स्वतः बटण दाबून प्रसिद्ध करणं यात फरक आहेच. ब्लॉगर ही सोय १९९९ सालची, वर्डप्रेस २००३ सालचं. दोन्हीकडे फुकट जागा मिळते. फोनवर मराठी टाइप करता येतं. नडतं ते वेळेवर, आणि “लोक काय म्हणतील” यावर. वेळेबद्दल मी उपदेश करणार नाही, प्रत्येकीच्या घराची घडी तिलाच माहीत.

माझी फोंड्याची एक मैत्रीण आहे. लग्नाआधी आणि नंतर काही वर्षं ती एका हिशेबनिसाच्या ऑफिसात होती, मुलांच्या वेळी सोडलं ते सुटलंच. तिने पाककृती लिहायला साफ नकार दिला. “मला रांधप आवडत नाही, लिहू कशाला?” ती लिहायला लागली दाखल्यांवर. पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, कृषी कार्ड. कुठल्या कागदाच्या किती प्रती, मूळ कागद दाखवायचा की ठेवून घेतात, फोटो कुठल्या आकाराचा, कुठला अर्ज ऑनलाइन आणि कुठल्यासाठी स्वतः जावं लागतं. घरातल्या, शेजारच्या कुणाचंही काम निघालं की ही बरोबर जाते. आल्यावर लेख उघडते, काही बदललं असेल तर दुरुस्त करते आणि अगदी वर ‘शेवटची दुरुस्ती’ म्हणून तारीख टाकते. ‘संबंधित कागदपत्रे सोबत जोडावीत’ हे वाक्य लिहिणाऱ्याला एकदा काउंटरसमोरच्या रांगेत उभं करायला हवं, असं तिचं मत आहे. तिच्या लेखात ‘संबंधित’ हा शब्द सापडणार नाही. एका वाक्यात एकच कृती. आधी कुठे जायचं, मग काय मागायचं, मग किती थांबायचं.

तिला वाटत होतं आपण शेजारधर्म करतोय. पर्वरीच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीला त्यांच्या ॲपमधली मदतीची पानं मराठीत आणि हिंदीत लिहायला माणूस हवं होतं. मुलाखतीला ही गेली तेव्हा मधल्या वर्षांत काय करत होतात, या प्रश्नासाठी रात्रभर उत्तर पाठ करून गेली होती. समोरच्या मुलीने फोनवर हिचाच कृषी कार्डाचा लेख उघडून ठेवला होता, कारण तिच्या वडिलांनी तो वाचूनच अर्ज केला होता. चर्चा त्या लेखावरच झाली. हा टप्पा असा का फोडला, ही ओळ ठळक का केली, लोक कुठे अडतात हे कसं कळतं? आता तिचं तेच काम आहे, अर्धा वेळ घरून आणि अर्धा पर्वरीत. तिच्या पदाचं नाव टेक्निकल रायटर आहे आणि तिच्या आईला अजून ते काय असतं हे कळलेलं नाही.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तारीख. प्रत्येक लेखावर ती आपोआप पडते. दहा वर्षं नोकरी न केलेल्या बाईकडे दाखवायला बहुधा काही नसतं, केलेलं सगळं जेवणात आणि धुण्यात जिरून गेलेलं असतं. तारखा पडलेले शंभर लेख ही वेगळी गोष्ट आहे. त्यात पहिल्या वर्षीचं लिहिणं आणि पाचव्या वर्षीचं लिहिणं शेजारी शेजारी दिसतं, आणि नोकरी देणाऱ्याला प्रमाणपत्रापेक्षा ते बघणं सोपं जातं.

वाचक नेमकं काय शोधत आपल्यापर्यंत आले हेही बघता येतं. गूगलची सर्च कन्सोल नावाची फुकट सोय आहे, तिच्यात लोकांनी टाइप केलेले शब्द जसेच्या तसे दिसतात. मराठी वाचक अर्ध्याहून अधिक वेळा रोमन लिपीत मराठी लिहून शोधतो हे मला तिथेच कळलं. खतखत्यावर, म्हणजे तेफळं (तिरफळं) घालून केलेल्या मिश्र भाजीवर, मी पावसाळी दुपारचं सुंदर वर्णन लिहिलं होतं. लोक विचारत होते, तेफळाची बी काढायची का? काढायची. वापरायची ती वरची साल, बी टाकून द्यायची. हे वाक्य मी पहिल्या परिच्छेदात आणलं आणि पाऊस तिसऱ्यात ढकलला. वाचणाऱ्यांची संख्या वाढली, आणि खरं सांगायचं तर लेखही सुधारला. पाऊस तसाही प्रत्येकाच्या लेखात पडत असतो.

सासूबाईंचा प्रश्न सुटला की नाही माहीत नाही, पण त्या माझ्या सगळ्यात कडक संपादक झाल्या आहेत. सोलांवर लिहिलं तेव्हा मी कोकमाच्या साली मीठ लावून उन्हात वाळवायच्या, एवढंच लिहिलं होतं. मुलाने ते वाचून दाखवलं. त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं. एकदा वाळवून सोलं होत नाहीत, सुटलेल्या रसात त्या साली पुन्हा बुडवायच्या, पुन्हा उन्हात, असं दिवसेंदिवस, साल काळसर होईपर्यंत. आणि बिया टाकल्यास की काय? भिरंडेल कशाचं करतात मग? पायाला भेगा पडल्या की आठवतं तेव्हा. मी ते सगळं त्यांच्या नावाने घातलं. आपलं नाव छापून आलेलं त्यांना फोनवर दाखवलं तर म्हणाल्या, अक्षर बारीक आहे.

फुकटेपणाबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलने मला दोघांचं जेवण देऊ केलं, बदल्यात लेख, वर बारा फोटो आणि ‘आवडलं तरच लिहा’ असं हसून. जेवण म्हणजे मानधन नव्हे. घेतलंच तर लेखात स्पष्ट लिहावं की हे फुकट मिळालं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ साली यासाठी नियमच केले आहेत, पैसे असोत वा वस्तू, जाहिरात असेल तर तसं ठळक सांगायचं. दुसरा फुकटेपणा व्हॉट्सॲपचा. माझा माटोळीचा लेख मला स्वतःलाच तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर ‘सुंदर माहिती, नक्की वाचा’ म्हणून आला आहे, नाव कापून. आता प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात नाव टाकते. दिसायला वाईट दिसतं, असू दे.

आणि लेख विकताना कागद करून घ्यावा. आपल्याकडचा कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा आहे. स्वतःहून लिहिलेल्या मजकुराचा हक्क लिहिणारीचा असतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशीच द्यावा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हे माहीत असलं की ‘मॅडम, फॉर्मॅलिटी आहे, सही करा’ म्हणणाऱ्याला निदान वाचायला वेळ मागता येतो. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर, कापला गेला असेल तर आयकराचं विवरणपत्रही भरावं, कधी कधी त्यातूनच थोडे पैसे परत येतात.

सगळ्या जणी टिकत नाहीत. माझ्या ओळखीतल्या कितीतरी ब्लॉगांवरचा शेवटचा लेख दिवाळीच्या शुभेच्छांचा आहे, कुठल्या दिवाळीच्या ते विचारू नये. एकीला नवऱ्याने फोटो टाकायला मनाई केली, एकीला कंटाळा आला. कंटाळा येणं हेही योग्य कारण आहे.

सध्या माझ्याकडे पेडण्याची एक मुलगी येते. मुलगी म्हणजे दोन लेकरांची आई, पण वयाने माझ्यापेक्षा खूप लहान. तिच्या माहेरी हरमलची मिरची होते. या मिरचीला भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या गावचीच अशी अधिकृत ओळख, मिळालं आहे, त्याच्या आधी खोला गावच्या मिरचीला मिळालं होतं. ही आपल्या आईबरोबर शेतात उभी राहून लिहिते. रोप कधी लावतात, तोडणी कशी चालते, वाळत घातलेली मिरची अवकाळी सरीने भिजली तर काय होतं. तिचा लेख वाचून मसाले विकणाऱ्या एका दुकानाने आपल्या पाकिटांवरचा आणि वेबसाइटवरचा मजकूर लिहायला सांगितला. पैसे कुठे पाठवू म्हणून त्यांनी विचारलं तेव्हा तिने नवऱ्याचा खाते क्रमांक दिला, “त्यांना बँकेचं सगळं कळतं” म्हणून. त्यात भांडणाचं काही नव्हतं, नवरा चांगला आहे. पण काम हिचं, आणि टीडीएस कापला की मिळकत दिसणार नवऱ्याच्या नावावर. ॲडसेन्सचं तर आणखी कडक असतं, तिथे पैसे घेणाऱ्याचं नाव आणि बँक खात्यावरचं नाव जुळावंच लागतं. मी तिला बँकेत पाठवलं. खातं उघडायला एक सकाळ गेली, आधार कार्डावरचं माहेरचं नाव आणि पॅन कार्डावरचं सासरचं नाव जुळेना म्हणून आणखी काही फेऱ्या.

मग बिल करायला ती माझ्याकडे बसली. मजकुराची रक्कम लिहिली आणि खाली सही करायला निघाली. फोटोंची ओळ वेगळी टाक, मी म्हटलं, नाहीतर लेखाच्या दरात फोटो फुकट जातात. तिला ते जरा अतीच वाटलं. तरी तिने टाकली. दुकानाने फोटोंचे निम्मे कापून बाकीचं मान्य केलं. पुढच्या वेळी ती फोटोंची रक्कम सुरुवातीलाच दुप्पट लावणार आहे.